माकडहाडाची गाठ आणि पंधरा आठवड्यांचा बंदोबस्त

ऑगस्टच्या ९ तारखेला एक बाई आमच्या उपजिल्हा रुग्णालयात बाहेरच्या सेंटरचा सोनोग्राफी रिपोर्ट घेऊन आली. वय २६, दुसरी खेप, पहिली मुलगी चार वर्षांची आणि धडधाकट. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं गाव, कोरडवाहू चार एकर, त्यात कापूस आणि तूर. सगळे कागद कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीत, घडीवर घडी घालून. गर्भ २१ आठवडे ४ दिवसांचा. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की कण्याच्या खालच्या टोकाशी मिश्र स्वरूपाची मोठी गाठ आहे, मेनिंगोमायलोसील, म्हणजे कण्यातल्या फटीतून मज्जारज्जू बाहेर येण्याचं व्यंग, असू शकतं. तोंडी सल्ला मिळाला होता, ‘वेळ आहे तोवर सफाई करून घ्या.’

दर महिन्याची ९ तारीख म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस. २०१६ पासून त्या दिवशी गरोदर बायांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, आणि ओपीडीत पाय ठेवायला जागा उरत नाही. अशा गर्दीत कुणाच्या बाळाचं काय करायचं हे ठरवू नये. तिला वॉर्डात बसवलं, जेवायला घातलं आणि दुपारी रेडिओलॉजिस्टबरोबर सोनोग्राफी पुन्हा निवांतपणे केली.

आधी बघायचं होतं ते डोकं. कण्यातून मज्जारज्जू बाहेर आला असेल तर त्याच्या खुणा मेंदूत उमटतात. कपाळाच्या दोन्ही बाजूंची हाडं आत दबतात, लहान मेंदू खाली ओढला जाऊन वाकतो, त्याच्यामागची पाण्याची जागा नाहीशी होते. इथे कवटी गोल होती, लहान मेंदू जागच्या जागी होता, मागे पाणी नीट दिसत होतं. कण्याचा एकेक मणका शेवटपर्यंत मोजला, कातडी कुठेही तुटलेली नव्हती. बाळ गुडघे वाकवत होतं, घोटे सरळ होते. मूत्राशय भरलं, थोड्या वेळाने रिकामं झालं. म्हणजे पायांच्या आणि लघवीच्या नसा काम करत होत्या.

गाठ माकडहाडाच्या टोकाला होती. ४.८ × ४.२ × ४.० सेंटीमीटर, दोन-तृतीयांश पाणी, बाकी घट्ट, घट्ट भागात चुन्याचे दोन ठिपके. बरीचशी बाहेर, थोडी ओटीपोटात गुदाशयाच्या मागे. निदान बदललं: सॅक्रोकॉक्सिजियल टेराटोमा, म्हणजे माकडहाडाला होणारी, नाना तऱ्हेच्या ऊतींची जन्मजात गाठ.

जन्मजात गाठी मुळात दुर्मीळ. मूत्रपिंडाजवळचा न्यूरोब्लास्टोमा, मूत्रपिंडातच होणारा मेसोब्लास्टिक नेफ्रोमा, हृदयाच्या स्नायूतला ऱ्हॅब्डोमायोमा, मानेतला टेराटोमा, अशा सगळ्यांत माकडहाडाची ही गाठ सर्वांत जास्त आढळणारी, आणि तरीही सुमारे ३५ ते ४० हजार जिवंत जन्मांमागे एक. तालुक्याच्या ठिकाणी आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या डॉक्टरनेही ती पाहिलेली नसते. त्यामुळे पहिल्या रिपोर्टात प्रश्नचिन्ह टाकून मेनिंगोमायलोसील लिहिणाऱ्यावर मी रागावणार नाही. राग आहे तो तोंडी सल्ल्याचा. निदान कच्चं असताना सल्ला एवढा पक्का कसा निघतो?

गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात शरीराचा अक्ष आखून देणारा पेशींचा एक पुंजका असतो, हेन्सन नोड. काम संपल्यावर तो मागे सरकत माकडहाडापाशी विरतो. त्यातल्या काही पेशी तिथेच राहिल्या, तर ही गाठ तयार होते असं मानलं जातं. या पेशी कोणतंही रूप घेऊ शकतात, म्हणून गाठीत चरबी, कूर्चा, आतड्याचं अस्तर, मेंदूसारखी ऊती, काहीही सापडतं. १९७४ मध्ये ऑल्टमन यांनी तिचे चार प्रकार पाडले. पहिला जवळपास पूर्ण बाहेर, चौथा पूर्ण आत. आमचा दुसरा: बाहेर जास्त, आत थोडा. चौथा सर्वांत फसवा, कारण बाहेर काही दिसतच नाही आणि मूल एक-दोन वर्षांचं झाल्यावर कधीतरी बद्धकोष्ठ म्हणून येतं, तोवर गाठ बिघडलेली असते.

पोटात असताना अशा बाळाचा जीव जातो तो बहुतेकदा हृदय थकल्यामुळे. गाठ घट्ट आणि रक्ताळलेली असेल, तर माकडहाडापुढून जाणारी मधली सेक्रल धमनी फुगत जाते आणि बाळाच्या रक्ताचा मोठा वाटा गाठच पळवते. हृदय दुप्पट पंप करू लागतं. मग पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साचतं, वार जाड होते. कधी आईच्या अंगावरही सूज आणि रक्तदाब चढतो, बाळाची अवस्था आईच्या शरीरात दिसायला लागते आणि दोघांचाही जीव टांगणीला लागतो. गाठ नुसत्या पाण्याची असेल तर ती कितीही फुगो, हृदयावर फारसा भार येत नाही. डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लावून पाहिलं, घट्ट भागात रक्ताच्या बारीक रेघा होत्या, मोठी वाहिनी नव्हती.

एक आकडा मात्र काढावाच लागतो. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला ०.५२३ ने गुणलं की गाठीचं आकारमान मिळतं. त्याला बाळाच्या अंदाजित वजनाने भागायचं. २४ आठवड्यांच्या आत हे गुणोत्तर ०.१२ च्या वर गेलं तर धोका बराच वाढतो. आमचं गणित: गाठ ४२ घनसेंटीमीटर, बाळ ४२० ग्रॅम, गुणोत्तर ०.१०. काठावर.

घरच्यांशी बोलणं

नवरा, सासू आणि ती. नवऱ्याचा पहिला प्रश्न अपेक्षित होता. ‘मॅडम, क्यान्सर हाय का?’

केस पेपरच्या मागे बाळाचं चित्र काढलं, गाठ काढली, आतला भाग रेघांनी भरला. जन्मतः ओळखून दोन महिन्यांच्या आत पूर्ण काढलेल्या अशा गाठी दहातल्या नऊच्या आसपास साध्या निघतात. उशीर झाला की हे प्रमाण झपाट्याने उलटतं. गाठ काढताना माकडहाडही काढावं लागतं. १९५१ मध्ये बोस्टनच्या ग्रॉस यांनी दाखवून दिलं की ते हाड ठेवलं तर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मुलांत गाठ परत येते. सासू तोवर गप्प होती. तिने चित्रावर बोट ठेवलं. ‘माकडहाड काढलं तं लेकरू बसन का?’

इतका कामाचा प्रश्न मला आजवर कुठल्याही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. बसतं, चालतं, धावतं. माकडहाडाला लागलेले स्नायू सर्जन पुन्हा ओढून शिवतात. त्रास राहतो तो काहींना लघवी-शौचाचा, कारण गाठीच्या आतल्या भागाजवळून त्या नसा जातात. हेही त्यांना त्याच बैठकीत सांगितलं. चांगलं तेवढं आज आणि वाईट पुढच्या भेटीत, अशी वाटणी मी करत नाही. पुढची भेट होईलच याची आमच्या भागात कुणी हमी देत नाही.

एक वाक्य मात्र मी जाणूनबुजून गिळलं. ही गाठ मुलींमध्ये मुलांच्या तीन ते चार पट आढळते. पुस्तकात हे पहिल्या परिच्छेदात असतं आणि डॉक्टर सवयीने बोलून जातात. पण १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंध कायद्यानुसार गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने किंवा कुठल्याही प्रकारे सांगता येत नाही. पहिली मुलगी असलेल्या घरात, गर्भपाताचा पर्याय मेजावर असताना, ‘ही मुलींत जास्त होते’ असं म्हणणं म्हणजे खुणेचंच बोलणं. गाठ अशा ठिकाणी की तिची हद्द पाहताना जननेंद्रियांकडे बघावंच लागतं. फॉर्म एफ मध्ये, म्हणजे याच कायद्याखालच्या सोनोग्राफीच्या नोंदीत, तपासणीचं कारण लिहायचं, आत-बाहेर गाठ किती ते लिहायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. बाळंतपणानंतर हवं तेवढं बोलता येतं.

गर्भपाताची बाजूही मांडली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांच्या मताने गर्भपात होतो, आणि गर्भात मोठं व्यंग असेल तर २४ नंतरही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. म्हणजे घाईने आजच ठरवण्याची गरज नव्हती. हातात दोन आठवडे होते आणि त्या दोन आठवड्यांत गाठ काय करते यावरच खरं उत्तर अवलंबून होतं. ती बाई एवढंच म्हणाली, ‘हालते थे. रातच्याला लई हालते.’

नागपूरची वारी

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, २३ आठवडे ५ दिवसांना, नागपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गर्भाची सविस्तर तपासणी आणि हृदयाचा इको झाला. गाठ ५.९ × ५.२ × ५.०, म्हणजे ८० घनसेंटीमीटर. बाळ ६२० ग्रॅम. गुणोत्तर ०.१३.

रेघ ओलांडली गेली होती. ज्यांना फक्त आकडा दिसतो त्यांनी इथे फाइल बंद केली असती. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी गाठीचा घट्ट भाग वेगळा मोजला. तो आधीच्या मोजणीपेक्षा किंचितच जास्त होता. वाढलं होतं ते मुख्यतः पाणी. हृदयाचा आकार छातीच्या मानाने योग्य, झडपा गळत नव्हत्या, यकृताकडची शीर फुगलेली नव्हती, मेंदूतल्या धमनीचा वेग बघता बाळ पांढरं पडलेलं नव्हतं, वार पातळ. ०.१२ ची रेघ उपयोगाची आहे, पण तिच्यात घट्ट आणि पातळ एकाच मापात मोजलं जातं. दोन बाळांचं गुणोत्तर सारखं असून एकाचं हृदय आठवड्याभरात हार मानतं आणि दुसरं नऊ महिने काढतं.

गर्भावस्थेतच शस्त्रक्रियेबद्दल नवऱ्याने मोबाइलवर काहीतरी पाहिलं होतं. गर्भाशय उघडून बाळाची अशी गाठ यशस्वीपणे काढल्याची नोंद १९९७ पासून आहे, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या चमूची. ती शस्त्रक्रिया ज्या बाळाचं हृदय २७-२८ आठवड्यांच्या आत ढासळतंय अशासाठीच, आणि तिथेही आईला मोठा धोका. आमच्या बाळाला तिची गरज नव्हती. हे त्याला तिथेच सांगितलं गेलं हे बरं झालं, नाहीतर ‘पैसा असता तर’ हा सल घरात कायमचा बसला असता.

त्यांनी गर्भ ठेवायचं ठरवलं. कसं ठरवलं ते मला माहीत नाही, आणि विचारलंही नाही.

कापूस

इथून पुढची पानं वैद्यकाच्या पुस्तकात नसतात. योजना कागदावर सोपी होती. दर दोन आठवड्यांनी आमच्याकडे सोनोग्राफी, २८ आणि ३२ आठवड्यांना नागपूर, ३४ पासून मुक्काम नागपुरातच, ३७ ला सिझर. आमच्या पांढरकवड्याहून नागपूर ४४ नंबरच्या महामार्गाने दीडशेएक किलोमीटर. रस्ता चांगला, प्रश्न रस्त्याचा नव्हताच. पण गावात कळा सुरू झाल्या, बाळ अडलं, गाठ फुटली, तर बाळ काही मिनिटांत रक्ताने रिकामं होतं. १०८ कितीही वेगाने आली तरी त्याचा उपयोग नाही. या बाळाला वाचवायचा एकच मार्ग होता, कळा येण्याआधी आईला सर्जन असलेल्या गावात नेऊन बसवणं.

आणि ३२ आठवडे भरत होते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या आधीची पूजा, उरकली होती, पहिला वेचा सुरू. वेचणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोमागे पैसे मोजावे लागतात. घरची बाई वावरात नसली की कापूस बोंडातच लोंबतो, वर पाऊस आला तर पिवळा पडतो. २८ आठवड्यांची वारी झाली होती, गाठ नऊ सेंटीमीटर, हृदय ठीक. मग ३२ ची वारी चुकली.

आशाताई घरी गेली. बाई ओटा बांधून कापूस वेचत होती, सात महिन्यांच्या पोटावर. आशाताईने भाषण दिलं नाही. गळ्यातला टेप काढून पोटाचा घेर मोजला, आणि मागच्या आठवड्याचा आकडा वहीत दाखवला. पोट आठवड्यात पाच सेंटीमीटर वाढलं होतं. तिच्या वहीतला हा रकाना छापील नाही, आम्ही दोघींनी पेनाने आखलेला. सोबत चार खुणा लिहून दिल्या होत्या: पोट एकाएकी वाढणं, उताणं झोपताना दम लागणं, तोंडावर सूज, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी. चारपैकी दोन होत्या.

आमच्याकडे आली तेव्हा ३३ आठवडे. गर्भजल २७ सेंटीमीटर, म्हणजे जास्त, गर्भाशयाचं तोंड आखूड झालेलं, पोट अधूनमधून घट्ट होत होतं. रक्तदाब ठीक, लघवीत प्रथिनं नाहीत, बाळाच्या अंगावर पाणी नाही. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार डोस सुरू केले. सासू म्हणाली, ‘दिवाळी करू द्या बाप्पा, भाऊबीज झाली का धाडतो.’ दिवाळी तीन दिवसांवर होती.

या टप्प्यावर डॉक्टर लोक सहसा दोन गोष्टी करतात. एक तर ओरडतात, नाहीतर ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असं लिहून घेऊन सही घेतात. सहीने डॉक्टर वाचतो, बाळ वाचत नाही. आम्ही खर्च मांडला. बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, आईचं जेवण, नेणं-आणणं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत. बाळाच्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार सोबत लागणार. उरला खर्च सोबतच्या माणसाचा, आणि वावरातल्या दोन हातांचा. तो कुठल्याच योजनेत बसत नाही. आदिवासी पट्ट्यात प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ माहेरघर असतं, बाळंतिणीने आधी येऊन राहावं म्हणून, पण इथे बाळंतपण दीडशे किलोमीटरवर होणार होतं. शेवटी तिची आई सोबत जाणार, नणंद आठ दिवस वेचायला येणार आणि थोरल्या मुलीला सासू सांभाळणार, असं ठरलं. हे आमच्यासमोर, वॉर्डातल्या बाकावर ठरलं आणि तासभर चाललं. मी त्यात फक्त ‘दिवाळीनंतर नाही, उद्या’ एवढंच म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी १०२ ने गेली. धनत्रयोदशी नागपूरच्या वॉर्डात.

बाळंतपण

तिथे गर्भजल आणखी वाढलं नाही. मोठ्या सुईने पाणी काढण्याचा विचार झाला, पण दम कमी झाल्याने थांबले. ३६ आठवडे २ दिवसांना रात्री कळा सुरू झाल्या. पहाटे सिझर. गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर योनीमार्गे बाळंतपण टाळतात, इथे ती साडेबारा सेंटीमीटर होती. पोटावर आडवा छेद, गर्भाशयावरही आडवा. डोकं आलं, खांदे आले, कमरेपाशी सगळं थांबलं. ओढलं तर गाठ फाटणार. सर्जनने गर्भाशयाचा छेद मधून वर उभा वाढवला, उलट्या टी अक्षरासारखा, आणि गाठ तळहातावर झेलून बाहेर घेतली. कातडी शाबूत.

मुलगी. गाठीसकट ३.१ किलो. लगेच रडली.

पुढची दहा मिनिटं लेबर रूमच्या कुठल्याही सिस्टरने पाठ करून ठेवावीत अशी. बाळ कुशीवर ठेवायचं, गाठीवर भार येऊ द्यायचा नाही. ओली निर्जंतुक गॉझ, तिच्यावर स्वच्छ प्लॅस्टिक, कारण एवढ्या उघड्या कातडीतून बाळाची ऊब पाण्यासारखी वाहून जाते. व्हिटॅमिन के. सलाइनची सुई हातात लावायची, पायात नाही. शस्त्रक्रियेत खालच्या बाजूने रक्त गेलं तर पायातून दिलेलं रक्त हृदयापर्यंत पोहोचायची खात्री नसते. आणि गाठ दाबून बघायची नाही, फोटोसाठी उचलायची तर मुळीच नाही.

चौथ्या दिवशी बालशल्यविशारदांनी ती काढली. बाळ उपडं, कमरेवर उलट्या व्हीसारखा छेद, गुदाशयात मऊ नळी घालून ठेवलेली, म्हणजे गाठ सोडवताना तो कुठे आहे हे बोटाला कळत राहतं. मधली सेक्रल धमनी बांधली, मग माकडहाडासकट गाठ एकसंध बाहेर. ६४० ग्रॅम. रक्त एकदाच द्यावं लागलं. जखमेचा खालचा कोपरा थोडा उसवला, शौचाच्या जागेजवळ तसं होतं, ड्रेसिंगने भरला. आईचं दूध वाटी-चमच्याने, नंतर अंगावर. अठराव्या दिवशी सुट्टी.

पॅथॉलॉजीत गाठ परिपक्व, त्यात थोडी अपरिपक्व मज्जाऊती, योक सॅक ट्यूमर (घातक प्रकार) नाही, माकडहाडाची कड स्वच्छ. केमोथेरपीची गरज नाही.

पाठपुरावा

इथे एक घोळ होतो, आणि तो होणार हे आधीच सांगून ठेवावं. अशी गाठ परत येते का हे बघण्यासाठी रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन दर तीन महिन्यांनी, निदान तीन वर्षं तपासायचं. पूर्ण साधी निघालेली गाठही कधी घातक रूपात परतते. पण हे प्रोटीन नवजात बाळात मुळातच प्रचंड असतं, मिलिलिटरमागे हजारो नॅनोग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या पातळीला यायला आठेक महिने लागतात. तालुक्यातल्या लॅबच्या रिपोर्टवर मात्र सामान्य मर्यादा छापलेली असते ती मोठ्या माणसाची, १० च्या आत. तीन महिन्यांच्या या बाळाचा आकडा आला १४०, ठळक अक्षरात, शेजारी बाण, वर ‘ट्यूमर मार्कर’ असं शीर्षक. रात्री साडेनऊला नवऱ्याचा फोन. ‘मॅडम, वापस आली काय?’

आली नव्हती. त्या वयाला तेवढं असू शकतं. बघायचं ते एका आकड्याकडे नाही, उताराकडे. सहाव्या महिन्यात ११, नवव्यात ६. आता फाइलच्या पहिल्या पानावर वयाप्रमाणे अपेक्षित आकड्यांचा तक्ता चिकटवला आहे, म्हणजे कोणत्याही डॉक्टरला बाणाची भीती वाटू नये. उतरलेला आकडा पुन्हा चढायला लागला, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

आठव्या महिन्यात वरचं खाणं सुरू झाल्यावर मुलीला बद्धकोष्ठ झालं. एरवी डाळीचं पाणी आणि केळं सांगून मोकळं झालो असतो. या मुलीत नाही. करंगळीने गुदाशयाची मागची भिंत तपासली, सोनोग्राफी केली, तिथे काही नव्हतं. मग लॅक्ट्युलोज, शौच मऊ करणारं औषध. प्रत्येक भेटीत ही करंगळीची तपासणी करायची असते, आणि रक्ताचा रिपोर्ट चांगला आला की हीच तपासणी पहिली गळते. लघवीची धार चांगली आहे, दिवसात कोरडं राहण्याच्या वेळा आई सांगू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नोंद झाली आहे, त्यामुळे पथक अंगणवाडीत आलं की तिला बोलावतं. पुढच्या बाळाला ही गाठ होण्याचा धोका जवळपास नाही. अपवाद करारिनो सिंड्रोमचा, तो घराण्यात चालतो, पण त्यात सेक्रमचं, म्हणजे माकडहाडाच्या लगेच वरचं, हाड अर्धवट असतं. हिचं एक्स-रेमध्ये पूर्ण आहे.

आईची गोष्ट बाजूला पडली नाही पाहिजे. सिझरच्या वेळी नवऱ्याने ‘आताच ऑपरेशन करून टाका’ म्हटलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी नसबंदी केली नाही, तांबी बसवली. बाळ वाचेल की नाही हे माहीत नसताना आईची नस बांधू नये, हा त्यांचा निर्णय मला पटतो. पण त्यामुळे तिसरं बाळंतपण शक्य राहिलं, आणि तिचं गर्भाशय उलट्या टीच्या व्रणाचं आहे. असा व्रण पुढच्या गरोदरपणात शंभरातल्या चार ते नऊ जणींत फाटतो, कळांच्या आधीसुद्धा. पोटावरची रेघ मात्र आडवी, नेटकी, बिकिनी सिझरची. कुणीही बाहेरून बघून म्हणेल, एकच सिझर आहे, नॉर्मलचा प्रयत्न करू.

डिस्चार्ज कार्डावर हे इंग्रजीत, सातव्या ओळीत, दोन अक्षरी संक्षेपात लिहिलेलं होतं. आम्ही माता-बाल कार्डाच्या आतल्या पानावर लाल पेनाने मराठीत लिहिलं: ‘पोटावर छेद आडवा, गर्भाशयावर उभाही आहे. पुढे दिवस राहिले तर कळा येऊ द्यायच्या नाहीत. ३६ ते ३७ आठवड्यांत सिझर, रक्तपेढी असलेल्या दवाखान्यातच.’ तेच आशाताईच्या वहीत. तेच बाईने नवऱ्याकडून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवून घेतलं, कारण मागच्या पावसाळ्यात घर गळून कपाटातले कागद भिजले होते.

मुलगी आता दीड वर्षाची होत आली आहे आणि ओसरीभर पळते. सासूच्या प्रश्नाचं उत्तर तिने केव्हाच दिलं. अल्फा-फीटोप्रोटीनची पुढची तारीख जूनमध्ये येते, पेरणीच्या तोंडावर, म्हणून आम्ही ती मेच्या शेवटच्या आठवड्यात ओढून घेतली आहे.